आधी पट्ट्या तरी मिळू द्या

सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या एका आईने मोबाईलवरची बातमी माझ्यापुढे धरली. पेशी बसवल्या की इन्सुलिन कायमचं सुटतं म्हणे. मुलगी नऊ वर्षांची, रोजच्या चार सुया. "पुण्यात होईल का हो, डॉक्टर?"

बातमी खोटी नाही. टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. या पेशी ज्या पुंजक्यांत असतात त्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतात. कॅनडात एडमंटनला जेम्स शापिरो यांच्या चमूने मृत दात्यांची बेटं यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सात रुग्णांना दिली आणि 2000 साली जाहीर केलं, की सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. पुढे रुग्ण वाढले तेव्हा दिसलं, पाच वर्षांत बहुतेकांना इन्सुलिन पुन्हा सुरू करावं लागलं. शिवाय एका रुग्णाला बऱ्याचदा दोन-दोन दाते लागतात. म्हणून आता मूळपेशींपासून (स्टेम सेल) बेटं तयार करतात. त्यांच्या चाचणीच्या 2025 मध्ये आलेल्या निकालांत पूर्ण मात्रा घेतलेल्या 12 पैकी 10 जण वर्षभरानंतर इन्सुलिनविना होते. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात रमेश भोंडे आणि सहकाऱ्यांनीही बेटांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

पण परक्या पेशी टिकवायच्या तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. संसर्ग, मूत्रपिंडाला इजा, कर्करोगाची भीती. म्हणूनच अमेरिकेने 2023 मध्ये दात्याच्या बेटांना परवानगी दिली ती फक्त प्रौढांसाठी, तीही ज्यांची साखर वारंवार धोकादायक पातळीपर्यंत उतरते त्यांच्यासाठी. नऊ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात मी हे घालणार नाही. आणि 'स्टेम सेलने मधुमेह बरा' अशी हमी देऊन लाखो रुपये मागणाऱ्यांच्या दारात तर पाऊलही टाकू नका.

त्या मुलीची अडचण वेगळीच आहे. शाळेत दुपारची खिचडी यायच्या आधी साखर उतरते, तिचे हात थरथरतात, घाम फुटतो, आणि वर्गात तिला "लक्ष कुठंय?" म्हणून उभं करतात. दप्तरात ग्लुकोजची पुडी आहे, पण विचारल्याशिवाय ती खायची सोय नाही. 2023 मध्येच राष्ट्रीय बालहक्क आयोगाने राज्यांना कळवलं होतं, की अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था अशा मुलांना सांभाळते. सातारा जिल्ह्यातल्या मुलांनी त्यासाठी एवढं लांब का जावं? प्रत्येक सरकारी दवाखान्यात इन्सुलिनबरोबर तपासणीच्या पट्ट्याही मोफत द्या. महिन्याला शंभराहून जास्त लागतात. आई त्या पुरवून वापरते, आणि नेमकी रात्रीचीच तपासणी चुकते.