जुना संगणक, उघडलेलं झाकण आणि आपली कुलूपबंद पेटी



आपल्या बहुतेक शाळांत एक अडगळीची खोली असते. मोडकी बाकं, फाटके नकाशे आणि कोपऱ्यात कापडाने झाकलेले दोन-तीन संगणक. डेडस्टॉक रजिस्टरला ते दिसतात, वर्गात दिसत नाहीत. निर्लेखनाची मंजुरी आली की भंगारात जातात. आज लिहायचं आहे ते मात्र याहूनही जुन्या संगणकांबद्दल आणि ते जीव लावून चालू ठेवणाऱ्या हौशी माणसांबद्दल. त्यांच्या या छंदात आपल्या वर्गाच्या कामाचं बरंच काही आहे, असं माझं मत आहे.

हा छंद आहे तरी काय?

१९८० च्या आसपास घरात आणि शाळेत वापरता येतील असे छोटे संगणक बाजारात आले. कमोडोर ६४, सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो ही त्यातली गाजलेली नावं. आज चाळीस वर्षांनंतरही अनेक देशांत लोक हे संगणक शोधतात, उघडतात, साफ करतात, बिघडलेले भाग बदलतात आणि त्यांच्यासाठी नवे प्रोग्रॅमसुद्धा लिहितात. कुणी इंजिनिअर असतं, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी शाळकरी मूल. फिनलंडने तर जुन्या संगणकांच्या मर्यादेत चित्र-संगीत घडवणाऱ्या ‘डेमोसीन’ या कलेला २०२० साली आपल्या देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. म्हणजे आपल्याकडे लोककलेला जो मान असतो, त्याच जातीचा हा मान.

शाळेसाठीच बनलेला संगणक

यातल्या बीबीसी मायक्रोची गोष्ट शिक्षकांनी जरूर वाचावी अशी आहे. ब्रिटनमध्ये सामान्य माणसाला संगणक कळावा म्हणून बीबीसीने संगणक साक्षरता प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनवलेला हा संगणक डिसेंबर १९८१ मध्ये आला आणि तिथल्या शाळाशाळांत पोचला. विशेष म्हणजे १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शालेय संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या सुमारे २५० शाळांना दिलेले संगणकही हेच होते. म्हणजे आपल्या देशातल्या शालेय संगणक शिक्षणाचा श्रीगणेशासुद्धा याच यंत्रावर झाला.

हा संगणक चालू केला की ‘बीप’ वाजायचं आणि पडद्यावर एक छोटी खूण यायची. बस्स. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. तो जणू मुलाला विचारायचा, "बोल, काय करू?" मग मुलाने बेसिक भाषेत दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत ‘माझं नाव छाप’, दुसऱ्या ओळीत ‘परत पहिल्या ओळीवर जा’. पडदाभर स्वतःचं नाव धावायला लागायचं! ओळींना क्रमांक १, २ असे न देता १०, २० असे द्यायची पद्धत होती. का? मध्ये काही सुचलं तर १५ नंबरची ओळ घालता यावी म्हणून. आपण मुलांना वहीत दुरुस्तीसाठी जागा सोडायला सांगतो ना, अगदी तसंच.

आजचा मोबाईल चालू केल्यावर मुलाला काय विचारतो? काहीच नाही. तो फक्त दाखवत सुटतो. मला या दोन यंत्रांत खरा फरक वेगाचा वाटत नाही. पहिली चाल कोणी करायची, यात तो फरक आहे.

बिघाड शोधणं हेही शिकणंच

जुने संगणक सुरू करायला बसलेली माणसं काय करतात ते पाहा. ती थेट प्लग लावत नाहीत. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये काही कागदी कॅपॅसिटर असतात. वर्षं गेली की त्यांच्या कवचाला तडे जातात, आत ओलावा शिरतो आणि वीज दिली की ते धूर काढून फुटतात. म्हणून आधी ते बदलायचे. काही यंत्रांत बोर्डावरच छोटी बॅटरी असते. ती गळते आणि त्यातला अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. मग व्हिनेगरने तो भाग साफ करायचा, धुवायचा, वाळवायचा आणि तुटलेल्या रेषा बारीक तारेने जोडायच्या. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना उदासीन करतात हे आपण पाठ करून घेतो. इथे त्या वाक्यावर एक यंत्र वाचतं.

तरीही संगणक चालू झाला नाही तर? मग एकेक शक्यता तपासत जायचं. वीज येते का? पडदा ठीक आहे का? मेमरीची चिप गेली का? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहून ठेवायचं. ज्ञानरचनावादावर आपण प्रशिक्षणात तासन्‌तास ऐकतो. त्याचं इतकं सरळ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

३२ किलोबाइटमध्ये किती मावतं?

बीबीसी मायक्रोच्या ‘बी’ मॉडेलची मेमरी होती ३२ किलोबाइट. आज मोबाईलने काढलेला ३ मेगाबाइटचा एक फोटो त्याच्या जवळपास शंभर पट होतो. एवढ्याशा जागेत १९८४ साली केंब्रिजमधल्या इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबेन या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलिट’ नावाचा अंतराळ प्रवासाचा खेळ बसवला. त्यात ८ आकाशगंगा होत्या आणि प्रत्येकीत २५६ ठिकाणं, म्हणजे एकूण २,०४८. ही सगळी माहिती साठवायला जागाच नव्हती. मग त्यांनी माहिती साठवली नाही, नियम साठवला. एका संख्येपासून सुरुवात करून तोच नियम लावत गेलं की पुढचं ठिकाण, त्याचं नाव, त्याचे गुण तयार होत जातात.

पाढे पाठ असणं चांगलंच, पण पाढा कसा तयार होतो हे कळलेलं मूल कुठल्याही पाढ्याला घाबरत नाही. हे त्याच जातीचं आहे. साधनं कमी आहेत म्हणून रडण्याऐवजी डोकं चालवलेलं आहे, आणि ही गोष्ट आपल्यासारख्या शाळांना वेगळी सांगायला नको.

मुलांनी लिहिलेलं हरवतं तेव्हा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. १०८६ साली इंग्लंडमध्ये जमीन-मालमत्तेची एक मोठी नोंदवही तयार झाली, डूम्सडे बुक. तिला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ मध्ये नवी नोंद करायचं ठरवलं. देशाचे ४ बाय ३ किलोमीटरचे चौकोन पाडले आणि त्या त्या भागातल्या शाळांनी आपल्या परिसराची माहिती, फोटो, रोजचं जगणं लिहून पाठवलं. दहा लाखांहून जास्त लोक यात सामील झाले, त्यात शाळकरी मुलं खूप. हे सगळं मोठ्या लेझर डिस्कवर साठवलं. पण ती वाचणारं यंत्र इतकं महाग होतं की फार थोड्या शाळांनी ते घेतलं, आणि पंधरा-सोळा वर्षांतच चालू यंत्रं दुर्मिळ झाली. गंमत बघा, ९०० वर्षांपूर्वीचं हाताने लिहिलेलं पुस्तक वाचता येत होतं आणि कालच्या मुलांनी लिहिलेलं वाचता येईना.

पुढे २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या प्रकल्पाने ते जुनं यंत्र नव्या संगणकावर हुबेहूब चालवून दाखवलं, आणि २०११ मध्ये बीबीसीने मुलांच्या नोंदींचा भाग सर्वांसाठी खुला केला. हौशी मंडळींनीही त्या डिस्कवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणारं साधन बनवलं. जुनी यंत्रं कुणी चालू ठेवली नसती तर हे सारं किती अवघड झालं असतं!

आपल्याकडे काय होतं? परिसर भेटीचे व्हिडिओ, मुलांच्या आवाजातल्या कविता, उपक्रमांचे फोटो शिक्षकाच्या मोबाईलमध्ये असतात. मोबाईल बदलला की निम्मं गेलं. बदली झाली की उरलेलंही शाळेतून गेलं. मुलांचं काम हीसुद्धा शाळेची संपत्तीच आहे, पण तिची नोंद कुठल्याही रजिस्टरला नाही.

"हे श्रीमंतांचे लाड!"

असं कुणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटं नाही. काही लोक बंद खोक्यातले संगणक चढ्या भावाने घेतात आणि कपाटात ठेवतात. त्या संग्रहात मला रस नाही. पण इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क इथल्या राष्ट्रीय संगणक संग्रहालयात जुन्या बीबीसी मायक्रोंचा चालू वर्ग आहे. तिथे सहलीला आलेली मुलं त्याच कळा दाबून प्रोग्रॅम लिहितात. कळ तुटली तर स्वयंसेवक दुरुस्त करतात. वस्तू वापरली की झिजते, हे त्यांना मान्य आहे.

आता आपली विज्ञान साहित्याची पेटी आठवा. मुलं मोडतील, मग हिशोब कोण देणार, या भीतीने ती कुलपात असते. दोष एकट्या शिक्षकाचा नाही, जबाबदारी खरोखरच त्याच्या अंगावर येते. पण न वापरता जुनी झालेली वस्तू आणि वापरून मोडलेली वस्तू यांची किंमत सारखी नाही, हे अधिकाऱ्यांनी आणि पालकांनीही मान्य करायला हवं.

आपल्याला काय करता येईल?

१. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची रीतसर परवानगी घेऊन निर्लेखित झालेला एखादा कीबोर्ड किंवा माऊस मुलांसमोर उघडा. भागांची नावं लिहून तक्ता करा.

२. पॉवर सप्लाय आणि जुना काचेच्या नळीचा मॉनिटर मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

३. बीबीसी मायक्रोसारखा चालणारा एम्युलेटर मोफत मिळतो. पाचवीच्या मुलांना त्यावर स्वतःचं नाव धावतं करू द्या.

४. मुलांचं वर्षभराचं निवडक काम दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवा, थोडं कागदावर छापून ठेवा, आणि दर वर्षी एकदा उघडून बघा.

पालकहो, घरात बंद पडलेला रेडिओ किंवा घड्याळ असेल तर सेल काढून ते मुलाच्या हातात द्या. नाही जोडता आलं तरी चालेल.

यंदा निर्लेखनाची यादी करायला बसाल, तेव्हा सही करण्यापूर्वी त्यातली एक वस्तू वर्गासाठी मागून घ्या. आपल्या मुलांना झाकणाच्या आत काय असतं हे बघायचा हक्क आहे.