शस्त्रक्रियेला पैसा, गोळीला नाही

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या नियमित मिळाल्या म्हणून कोणा मंत्र्याचा सत्कार होत नाही, आणि त्या मिळाल्या नाहीत म्हणून सहसा कोणी मोर्चाही काढत नाही. याउलट एखादी मोठी शस्त्रक्रिया शासकीय योजनेतून विनामूल्य पार पडली की तिची छायाचित्रे छापून येतात. शासनाचा पैसा ज्या वाटेने वाहतो त्याच दिशेने वैद्यकीय सेवा वाढत जाते. महाराष्ट्रात ही वाट रुग्णालयाच्या दारापाशी जाऊन थांबते, ही खरी अडचण आहे.

जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली व पुढील वर्षी ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव देण्यात आले, सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि २०२३ मध्ये राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय झाला. या योजनांनी अनेक कुटुंबांना कर्जाच्या खाईतून वाचविले आहे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु त्यांची रचना अशी की रुग्ण दाखल झाला, ठरलेला उपचार झाला, की रुग्णालयाला ठरलेली रक्कम मिळते. जो दाखल झाला नाही त्याच्यासाठी या खात्यात जमाही नाही आणि खर्चही नाही.

पन्नाशीच्या शेतमजुराला रक्तदाबाचा विकार आहे असे समजा. त्याला लागणारी गोळी अत्यंत स्वस्त असते; मात्र ती रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते आणि अधूनमधून कोणीतरी दाब मोजून विचारपूस करावी लागते. हे साधले नाही आणि काही वर्षांनी मूत्रपिंडे निकामी झाली, तर त्याच्या डायलिसिसचा खर्च योजनेतून मिळू शकतो. म्हणजे रोग वाढू दिल्याची किंमत सरकार विनातक्रार मोजते, आणि तो रोखण्याच्या किमतीसाठी मात्र केंद्रातील औषधसाठ्यावर भिस्त ठेवावी लागते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व केंद्रांत सेवा निःशुल्क झाल्या, केसपेपरचे पैसेही गेले. पण ‘औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हाती पडली तर त्या निःशुल्कतेचे मोल किती? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट आपल्या खिशातून उचलला. त्यातील मोठा भाग दवाखान्यातील तपासणीवर आणि औषधांवर जातो, आणि नेमका हाच भाग विमायोजनांच्या कक्षेबाहेर आहे.

प्राथमिक केंद्राला पैसा कसा मिळतो, हेही पाहण्यासारखे आहे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासून या केंद्राची कल्पना आपल्याकडे रुजली. तीस हजार लोकसंख्येमागे, आदिवासी व डोंगराळ भागात वीस हजारांमागे, एक केंद्र असा दंडक आहे. महाराष्ट्रात १९६२ पासून ग्रामीण कारभार जिल्हा परिषदांकडे आहे आणि ही केंद्रेही त्यांच्याच अखत्यारीत येतात. परंतु निधी येतो तो वेतन, औषधे, इंधन, दुरुस्ती अशा ठरावीक शीर्षांखाली. केंद्रात रोज वीस रुग्ण आले काय किंवा दोनशे आले काय, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या वेतनात फरक पडत नाही आणि केंद्राच्या निधीतही फारसा पडत नाही. शहरालगतच्या गावांत वस्ती दुपटीने वाढली तरी केंद्राचा मंजूर सेवकवर्ग तोच राहतो. इंधनाच्या शीर्षातील शिल्लक औषधाला वापरावी तर लेखापरीक्षणाचा आक्षेप येणार! अशा व्यवस्थेत कर्तव्यदक्ष अधिकारी जे करतो ते स्वतःच्या सद्सद्विवेकबुद्धीने करतो. व्यवस्था त्याला उत्तेजन देत नाही.

खासगी क्षेत्राची तऱ्हा याच्या अगदी उलट आहे. तेथे प्रत्येक इंजेक्शनला, प्रत्येक सलाईनला, प्रत्येक शस्त्रक्रियेला दाम आहे. रोग्याला कोणत्या उपचाराची गरज आहे हे विक्रेताच ठरवितो, म्हणून वैद्यकसेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, असे केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच दाखवून दिले होते. तशात विम्याचा पैसा आला की काय घडते, याचा दाखला २०१२ मध्ये छत्तीसगडात मिळाला. तेथे राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली स्त्रियांची गर्भाशये गरज नसता काढल्याच्या तक्रारींनी खळबळ उडाली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशाच शस्त्रक्रियांचा प्रश्न आपल्या विधिमंडळात गाजला. ऊसतोडीच्या मुकादमीपासून पाण्याच्या अभावापर्यंत त्याची कारणे अनेक होती. परंतु साधी तपासणी व औषधोपचार यांना दाम नाही आणि शस्त्रक्रियेला आहे, हेही त्यांतील एक कारण होतेच.

देय पद्धती बदलता येते का? थायलंडने २००१ पासून ती बदलून दाखविली. सरकारी नोकर व संघटित कामगार यांच्या योजनांबाहेर राहिलेल्या सर्व नागरिकांची नोंदणी जवळच्या आरोग्यकेंद्रांच्या साखळीकडे करण्यात आली. माणशी वर्षाला ठरावीक रक्कम, पहिल्या वर्षी सुमारे बाराशे बाट, असा हिशेब धरून बाह्यरुग्णसेवेचा निधी त्या साखळीला देण्यात आला. दाखल रुग्णांसाठी निराळा, वरची मर्यादा घातलेला निधी ठेवण्यात आला. रुग्णाने भरायचे ते भेटीमागे तीस बाट. अमेरिकेसारख्या विमाप्रधान देशातही ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याने २०१० पासून खासगी विमा कंपन्यांना हुकूम दिला, की प्राथमिक सेवेवरील खर्चाचा वाटा पाच वर्षे दरसाल एका टक्क्याने वाढवा, आणि तोही हप्ता न वाढवता. त्याबरोबरच रुग्णालयांच्या दरवाढीलाही वेसण घालण्यात आली. ही दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण खर्चाला तेथे जो आळा बसला तो मुख्यतः या वेसणीमुळे, असे पुढील अभ्यासांत दिसले. ओरेगॉनने २०१७ मध्ये हा वाटा किमान बारा टक्के असावा असा कायदाच केला.

मात्र कामागणिक बक्षीस हा यावरचा उपाय समजणे चुकीचे ठरेल. ब्रिटनने २००४ मध्ये कुटुंबवैद्यांना शंभरावर निकषांचे गुण देऊन त्यानुसार पैसे देण्यास प्रारंभ केला; पहिल्याच वर्षी बहुतेकांनी जवळजवळ सर्व गुण पटकावले, सरकारचा अंदाज कोलमडला, आणि २०१६ मध्ये स्कॉटलंडने ती पद्धत मोडीत काढली. आपल्याकडे याच तत्त्वाचा सर्वांत कठोर प्रयोग सर्वांत गरीब सेविकेवर चालू आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. तेच काम २०११ मध्ये देशभर आशांकडे सोपविताना एका बालकाच्या सहा-सात भेटींचा मोबदला ठरला २५० रुपये! कामाचे तुकडे पाडून त्यावर दर लावले की ज्या तुकड्याला दर नाही तो मागे पडतो, आणि जिच्यावर सारी इमारत उभी आहे तिला रस्त्यावर यावे लागते. २०२१ आणि २०२३ मधील आशांचे संप हेच सांगत होते.

तेव्हा मार्ग मिश्र असावा लागेल. केंद्राच्या हद्दीतील प्रत्येक माणसाची नोंद, त्या संख्येच्या प्रमाणात केंद्राला वार्षिक निधी, वृद्ध, बालके व दुर्गम पाडे असतील तेथे अधिक दर, आणि तो निधी शीर्षांच्या कुंपणाबाहेर वापरण्याची मुभा, ही त्याची सुरुवात. केवळ माणशी रक्कम दिली तर रुग्ण वरच्या रुग्णालयाकडे टोलविण्याचा मोह होतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून सेवकांचे वेतन निश्चित हवे, आशांनाही ठरलेले मासिक मानधन हवे, आणि कामावर अवलंबून असलेला भाग लहानच असावा. औषधांच्या बाबतीत तामिळनाडूचा कित्ता उपलब्ध आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील महामंडळाने प्रत्येक संस्थेला पासबुक दिले. संस्थेच्या नावे किती रुपयांचे औषध शिल्लक आहे हे त्यात दिसते आणि गरजेनुसार ते उचलता येते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला आहे. त्याला अशा पासबुकाची जोड देण्यास नव्या कायद्याची गरज नाही.

अर्थखाते विचारील, पैसा कोठून आणायचा? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्चाचा दोन-तृतीयांश किंवा अधिक भाग प्राथमिक सेवेवर जावा असे म्हटले आहे. आरोग्य हा घटनेनुसार राज्याचा विषय असल्याने हे प्रमाण कायद्याने बांधून घेण्यास दिल्लीची परवानगी लागत नाही. पहिले पाऊल म्हणून राज्याने अर्थसंकल्पासोबत दोन आकडे दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावेत: जन आरोग्य योजनेतून रुग्णालयांना किती रुपये दिले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या औषधांवर दरडोई किती खर्च केले.