जुळणीचा संगणक : काटकसर आणि कंजुषी

पेढीचा जीव पूर्वी वहीत असे. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही यांवर घराण्याची पत उभी राही आणि त्या वह्या तिजोरीइतक्याच जपल्या जात. आज तीच वही संगणकात गेली आहे. मालाचा साठा, ग्राहकांकडील येणे, जीएसटीची विवरणे, बँकेचे व्यवहार हे सारे एका पत्र्याच्या पेटीत सामावले आहे. तरीही ती पेटी विकत घेताना व्यापारी माणूस जितका निष्काळजी असतो, तितका तो पोतेभर धान्य घेतानाही नसतो.

रामदासपेठेतील एखादे सर्वसाधारण व्यापारी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. राहणे रामदासपेठेत, गाळा इतवारीत किंवा गांधीबागेत. घरातील संगणक दिवसा हिशेबाला, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाला आणि रात्री विवरणे भरण्याला. नामांकित कंपनीचा तयार संच घ्यावा, की शेजारच्या सीताबर्डीत जाऊन सुटे भाग निवडावेत व त्यांची जुळणी करून घ्यावी, हा प्रश्न अशा घरात कधी ना कधी उभा राहतोच. अंदाजपत्रक मर्यादित असेल, तर दुसरा मार्ग बहुधा अधिक फायद्याचा ठरतो. मात्र त्यासाठी काटकसर आणि कंजुषी यांतील भेद ओळखता आला पाहिजे.

सुटे भाग जोडून यंत्र उभे करणे म्हणजे दुय्यम काम, असा एक गैरसमज आहे. इतिहास त्याच्या उलट सांगतो. १९८१ साली आयबीएमने जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्याचा प्रोसेसर इंटेलचा होता आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आयबीएमने त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली. त्यामुळे इतर कंपन्यांना तसेच भाग आणि तशीच यंत्रे तयार करता आली. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले आणि एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बिनतक्रार बसू लागला. सीताबर्डीतील दुकानदार आज चार कंपन्यांचे भाग तासाभरात जोडून देतो, तो या मोकळेपणाच्या आधारावर.

याचे मोठे उदाहरण नागपूरशी नाते सांगणारे आहे. डॉ. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीमधून, त्यांनी १९६५ साली पदवी घेतली. अमेरिकेने महासंगणक देण्यावर निर्बंध घातले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यासाठी एखादा अद्भुत प्रोसेसर घडवला गेला नाही. बाजारात मिळणारे, ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर एकत्र गुंफून त्यांना एकदिलाने कामाला लावण्यात आले. भाग साधे होते. जुळणी असामान्य होती.

घरच्या संगणकालाही हाच न्याय लागू पडतो. पहिला प्रश्न ‘किती शक्तिमान?’ हा नसून ‘कोणत्या कामाला?’ हा असावा. हिशेबाची प्रणाली, पत्रव्यवहार, ऑनलाइन शिक्षण आणि बँकिंग एवढेच काम असेल, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. त्यासाठी चित्रदर्शनाची सोय अंगभूत असलेला मध्यम प्रोसेसर घ्यावा. येथे एक खाचखळगा आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात ही सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो. परंतु पडद्यावर चित्र उमटावे म्हणून नंतर वेगळे कार्ड घ्यावे लागते आणि वाचलेले पैसे व्याजासह परत जातात.

मदरबोर्ड निवडताना आजच्या सोयीइतकीच उद्याची वाट पाहावी. एएमडीच्या २०१६ साली आलेल्या एएम-४ सॉकेटसाठी २०२४ सालीही नवे प्रोसेसर निघाले. म्हणजे ज्याने त्या काळी विचारपूर्वक बोर्ड घेतला, त्यातील अनेकांना पुढे केवळ प्रोसेसर बदलून नवा वेग मिळवता आला. रॅमसाठीही रिकामी जागा राखून ठेवावी. मेमरीच्या भावात धान्याच्या बाजारासारखीच तेजी-मंदी चालते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने हे भाव झपाट्याने चढले. अशा तेजीत गरजेपुरती रॅम घ्यावी आणि भाव उतरल्यावर भर घालावी. जे नंतर वाढवता येते, त्यात आज हात आखडता घेणे ही काटकसर होय.

एसएमपीएसच्या बाबतीत मात्र हात आखडणे ही कंजुषी ठरते. भिंतीतील वीज संगणकाच्या भागांना पेलेल अशा दाबाने पुरवणारा हा डबा अनेकदा कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळतो, आणि तेथेच धोका असतो. वर वर्णिलेल्या संगणकाला भर कामातही साधारण १५० वॉटपेक्षा अधिक वीज लागत नाही. म्हणून मोठ्या आकड्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस पुरून उरतो. ‘एटी प्लस’ हे चिन्ह पाहावे. घेतलेल्या विजेतील किमान ८० टक्के वीज कामी येते आणि उष्णतेत वाया जाणारा भाग मर्यादित राहतो, असा त्याचा अर्थ. निकृष्ट डबा जळताना एकटा जळत नाही. मदरबोर्ड आणि डिस्क यांनाही सोबत नेण्याची शक्यता असते. कर्जव्यवहारात जे स्थान जामीनदाराचे, तेच येथे एसएमपीएसचे. जामीनदार कच्चा निघाला, की सारे खाते बुडीत जाते. तीन पिनांचे योग्य अर्थिंग आणि एक यूपीएस हे याच खर्चाचे अंग समजावे.

आता नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कॅबिनेटचा पंखा हवा थंड करत नाही. खोलीतील हवा तो केवळ आत-बाहेर खेळवतो. खोली २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली, की आतील भागांचे तापमानही जवळजवळ तितक्याच अंशांनी वर सरकते. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या सुमारास पोहोचला, की स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करतो. मग ‘यंत्र जुने झाले’ असे म्हणून नव्याची खरेदी होते. प्रत्यक्षात ते केवळ तापलेले असते.

यावरील उपाय घरच्या घरी आणि अल्प खर्चात होतात. जुने कॅबिनेट फेकण्याऐवजी सुधारून घ्यावे. पुढील बाजूस १२० मिलिमीटरचा एक पंखा हवा आत घेणारा आणि मागे एक बाहेर सोडणारा, एवढ्याने बरेच काम होते. पुढचा पत्रा बंदिस्त असेल, तर तो कापून तेथे बारीक जाळी बसवावी. मात्र कापण्यापूर्वी आतील सर्व भाग काढून ठेवावेत, कारण लोखंडाचा एखादा कीस बोर्डावर राहिला तरी शॉर्टसर्किट होते. आत येणाऱ्या हवेच्या मार्गावर काढून धुता येईल अशी जाळी असावी. वापरात नसलेले डिस्कचे कप्पे काढून टाकले आणि तारा एका बाजूला बांधल्या, तर हवेला वाट मिळते. काही वर्षांनी प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट बदलावी. रंगीबेरंगी दिव्यांनी शोभा येते, वेग येत नाही.

विदर्भातील घरांत आणखी एक पथ्य हवे. कूलरमुळे खोली गार होते आणि त्याचा संगणकालाही लाभ होतो. परंतु कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. त्या दमट हवेबरोबर येणारे पाण्याचे तुषार आणि आत साचलेली धूळ यांचा लेप बोर्डावर बसला, की गंज आणि बिघाड यांना आमंत्रण मिळते. कॅबिनेट जमिनीवरही ठेवू नये. रोजचे फरशी पुसणे हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीला पूर आला आणि नागपुरातील अनेक वस्त्यांत तळमजल्यांवर पाणी शिरले. अशा वेळी टेबलावरील वस्तू आणि जमिनीवरील वस्तू यांचे नशीब वेगळे असते.

खरेदीच्या बिलाचा हिशेब तर व्यापाऱ्याने चुकवूच नये. समजा, सुट्या भागांची किंमत ४०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७,२०० रुपये. पक्क्या बिलाची रक्कम ४७,२००. दुकानदार म्हणतो, “कच्च्या बिलावर ४२,००० मध्ये देतो.” वरवर पाहता ५,२०० रुपयांची बचत दिसते. पण यंत्र धंद्यासाठी असेल आणि नियमित पद्धतीने नोंदणी असेल, तर भरलेल्या ७,२०० रुपयांची वजावट मिळते व निव्वळ खर्च ४०,००० राहतो. म्हणजे कच्चे बिल २,००० रुपयांनी महाग पडले. शिवाय संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. पहिल्या वर्षी १६,०००, दुसऱ्या वर्षी ९,६००, तिसऱ्या वर्षी ५,७६० रुपये. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला असेल, तर त्या वर्षी निम्मा. कच्च्या बिलावर यातील काहीच हाती लागत नाही. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रक्कम रोखीने दिली, तर तीही घसाऱ्याच्या हिशेबात धरली जात नाही. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना किंवा केवळ घरगुती वापरासाठी घेणाऱ्यांना जीएसटीची वजावट नाही, हे खरे. तरीही हमीसाठी पक्के बिल त्यांनाही हवेच. जुळणीच्या संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. म्हणून बिलावर प्रत्येक नगाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि त्याची प्रत जपावी.

घरात जुना संगणक असेल, तर नव्याच्या आधी त्याची परीक्षा घ्यावी. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर जुन्या यंत्राचा मंदपणा बहुतांशी जातो. विंडोज १० चे सर्वसाधारण सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यात न बसणारे यंत्र हिशेबाच्या कामातून काढावे. पण मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली घालून ते मुलांच्या वाचनाला आणि लेखनाला आणखी काही वर्षे वापरता येते. अगदीच निकामी झालेले यंत्र भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे सोपवावे.

शेवटी मूळ वहीकडे वळावे. प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट हे सारे पैसे देऊन पुन्हा मिळते. दहा वर्षांच्या उधारीची नोंद पैसे देऊन मिळत नाही. म्हणून अंदाजपत्रक आखताना सर्वांत आधी दोन बाह्य डिस्कची तरतूद करावी आणि उरलेल्या रकमेत यंत्र बसवावे. नोंदींच्या एकूण तीन प्रती असाव्यात : एक संगणकात, एक गाळ्यावरील डिस्कमध्ये आणि एक रामदासपेठेतील घरी. प्रत घेऊन झाली, की डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. म्हणजे विषाणू आत शिरला तरी तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. आणि दर महिन्याला एकदा त्या प्रतीतून एखादी नोंद उघडून पाहावी. पूर्वीचे मुनीम रोज संध्याकाळी शिल्लक मोजून मगच गल्ला बंद करीत. ती शिस्त आजच्या वहीलाही तितकीच आवश्यक आहे.