शब्दांची ये-जा : ठाण मांडून बसलेला शब्द

गेल्या महिन्यात नातीचा शाळेचा रिपोर्ट आला. आपल्या लहानपणी त्याला प्रगतिपुस्तक म्हणत आणि त्यावर वडिलांची सही घ्यायची म्हणजे पोटात गोळा यायचा. आता सगळं कॉम्प्युटरवर येतं आणि आजोबांनाही बसल्या जागी वाचायला मिळतं. गणितात असं, विज्ञानात तसं, आणि इतिहासाच्या बाईंचं एकच वाक्य : या टर्ममध्ये हिने 'असिड्युअसली' काम केलं.

"आजोबा, हे चांगलं आहे की नुसतंच बरं?" तिने विचारलं.

आम्ही छातीठोकपणे सांगितलं की फारच चांगलं. म्हणजे नेटाने, चिकाटीने, मन लावून. पण बाईसाहेब काही खूष दिसेनात. म्हणाल्या, "ज्यांना येतं त्यांना 'ब्रिल्यंट' लिहितात. जे नुसते ट्राय करतात त्यांना हे लिहितात."

बारा वर्षांच्या पोरीने जे ओळखलं ते ओळखायला आम्हाला या देशात चांगली पंधरा वर्षं लागली. ऑफिसातल्या वार्षिक शेऱ्यांत 'हार्डवर्किंग', 'डिलिजंट', 'कॉन्शिएन्शस' हे शब्द आम्ही पोत्याने जमवले. आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या फायलींत ते सापडतील. बढतीच्या यादीत ज्यांची नावं यायची त्यांच्या शेऱ्यांतले शब्द निराळे असत. असो. पण आपला राग शब्दाच्या घराण्यावर काढू नये, त्याची कुळकथा आधी विचारावी, म्हणून त्या रात्री शब्दकोश घेऊन बसलो. 'बसलो' हे मुद्दाम म्हणतो, कारण या शब्दाच्या पोटात बसणंच आहे.

लॅटिनमध्ये 'सेदेरे' म्हणजे बसणं आणि 'आद' म्हणजे जवळ, कडे. दोन्ही जोडून झालं 'असिदेरे', जवळ बसणं. त्यावरून 'असिदुउस' : जो जवळ बसलेला आहे, जागचा हलत नाही तो. म्हणून सतत हजर असणारा, म्हणून एकसारखा कामाला चिकटलेला. कामसूपणाचा अर्थ असा मागच्या दाराने आत आला. आपल्याकडे आई म्हणायची, "कार्ट्याचं बूड एका जागी टेकत नाही, अभ्यास कसला होतोय!" त्या माउलीला लॅटिन येत नव्हतं, पण या शब्दाची व्युत्पत्ती तिला पक्की ठाऊक होती.

'सेदेरे'चा गोतावळा इंग्रजीत केवढा मोठा! प्रेसिडेंट हा पुढे बसणारा, डिसिडंट हा वेगळा जाऊन बसणारा, सेडिमेंट म्हणजे तळाशी बसलेला गाळ. रेसिडेंट म्हणजे मागे बसून राहिलेला. (त्या एका शब्दाचा शिक्का पासपोर्टावर मिळावा म्हणून आपण किती हेलपाटे घातले ते ज्याचं त्याला माहीत.) 'असेसमेंट' तर सख्खी बहीणच. न्यायाधीशाच्या शेजारी बसून कर किंवा दंड किती तो ठरवायचा, ते असेसमेंट. आता शाळा मुलांची करते तेही असेसमेंट. म्हणजे नातीला मिळालेली शाबासकी आणि ती देण्याची पद्धत, दोघी एकाच घरच्या.

आणि हे घर आपल्याला परकं नाही. लॅटिनचं 'सेद' आणि संस्कृतचा 'सद्' धातू एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. सदन, संसद, परिषद हे सगळे त्या 'सद्'चे. मंडळाची वर्गणी भरून आपण 'सभासद' होतो, म्हणजे सभेत बसणारे. (प्रत्यक्षात किती बसतात हे कार्यकारिणीला विचारावं.) सगळ्यात लोभस नातं 'उपनिषद'चं. उप म्हणजे जवळ, नि म्हणजे खाली, आणि सद्. गुरूच्या जवळ खाली बसणं असा त्याचा अर्थ आपण शाळेत शिकलो. शंकराचार्यांनी त्याच धातूचे दुसरे अर्थ घेतले आणि अविद्येला सैल करून नाहीशी करणारी विद्या ती उपनिषद, असं सांगितलं. तो वाद पंडितांकडे सोडून द्यावा. पण शाळेतला अर्थ धरला, तर 'असिड्युअस' आणि 'उपनिषद' यांच्यात फक्त त्या मधल्या 'नि'चं अंतर उरतं. एक गंमत सांगायला हवी. आपलं 'आसन' मात्र या घरातलं नव्हे, ते 'आस्' धातूचं. आणि मराठीतलं 'बसणं' हेही नव्हे, ते 'उपविश्'पासून झिजत झिजत आलं. दिसतं तसं नसतं म्हणतात ते शब्दांच्या बाबतीत फार खरं आहे.

रोममध्ये या शब्दाने एक वेगळाच धंदा केला. इसवी सनापूर्वी सुमारे ४५० च्या बारा पाटांच्या कायद्यात 'असिदुउस' म्हणजे जमीनजुमला असलेला, स्थायिक, कर भरणारा नागरिक. अशा माणसाला जामीन राहायचं तर तोही असिदुउसच हवा असा नियम होता. ज्याच्याकडे काही नाही, राज्याला द्यायला फक्त पोरंबाळं आहेत, तो 'प्रोलेतारियुस'. त्यावरूनच पुढे मार्क्सचा प्रोलेटरिएट आला. खुद्द रोमन पंडितांनी असिदुउसची व्युत्पत्ती 'पैसे देणारा' अशी लावली होती, आणि सिसेरोने ती नोंदवून ठेवली आहे. ती अर्थात चूक. पण कर खात्याच्या दृष्टीने स्थायिक माणूस म्हणजे पैसे देणारा माणूस, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे! पुढे दुसऱ्या शतकात औलुस गेलियुसच्या ग्रंथात 'क्लासिकुस' आणि 'असिदुउस' असा लेखक, 'प्रोलेतारियुस' नव्हे, अशी वाटणी येते. उत्तम लेखक म्हणजे वरच्या करपात्र वर्गातला. आपण गाण्याला 'क्लासिकल' म्हणतो तेव्हा त्या शब्दाची मुळं अशी कर भरणाऱ्यांच्या यादीत जातात.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तेव्हा सोज्वळ होता. अठराव्या शतकात मात्र त्याला वास यायला लागला. जवळ बसणारा कोणाच्या जवळ बसतो? धनवंताच्या, सरदाराच्या, नाहीतर ज्या मुलीशी लग्न जमवायचं तिच्या. 'असिड्युइटीज' असं अनेकवचन झालं आणि त्याचा अर्थ झाला पुढे पुढे करणं, मिनतवाऱ्या, उंबरे झिजवणं. आपल्याकडे 'हुजऱ्या' शब्दाचं जे झालं तेच. हुजूर म्हणजे समोर, हजर. हजर राहणाऱ्याला शेवटी लाळघोट्याचा वास यावा हा दोन्ही भाषांतला योगायोग नसावा.

याच काळात लंडनमध्ये एक माणूस खऱ्या अर्थाने ठाण मांडून बसला होता. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन. १७४६ साली प्रकाशकांशी करार करून त्याने इंग्रजी कोश हाती घेतला, आणि १७४७ साली त्याची योजना लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून छापली. आश्रय मिळावा म्हणून या सरदाराच्या बाहेरच्या खोलीत तो ताटकळला आणि परत आला. फ्लीट स्ट्रीटच्या मागे गॉफ स्क्वेअरला १७ नंबरचं घर आहे, तिथल्या माळ्यावर त्याचे लेखनिक काम करत. घर आता म्युझियम आहे, आम्ही पाहुण्यांना दाखवतो. (पाहुण्यांना मादाम तुसॉ बघायचं असतं, तो भाग निराळा.) १७५५ साली कोश निघाला, त्याच्या थोडं आधी सरदारसाहेबांनी एकदम स्तुतिपर लेख लिहिले. तेव्हा जॉन्सनने त्यांना जे पत्र धाडलं ते अजूनही वाचलं जातं. तुमच्या दारातून परत आल्याला सात वर्षं झाली, त्या सात वर्षांत तुमचा काडीचा आधार न घेता मी काम तडीला नेलं, असा त्याचा मतलब. दोन्ही 'असिड्युअस' या एका माणसाने भोगले, सरदाराच्या दारात बसण्याचा आणि टेबलापाशी बसण्याचा. पहिल्याने काही हाती लागलं नाही.

या शब्दाचा एक तोतया भाऊ आहे, 'सेड्युलसली'. अर्थ तोच, नाकडोळे तसेच, म्हणून लोक त्यालाही 'सेदेरे'चा मुलगा समजत आले. पण तो बहुधा 'से दोलो'पासून आलेला, म्हणजे कपटाशिवाय, खोट न ठेवता. आपण 'इमानेइतबारे' म्हणतो ना, तसा. आणि आपली 'मेहनत'? ती अरबीतून फारसीमार्गे आली. अरबीत 'मिहना' म्हणजे कसोटी, छळ. दरबारी फारसी गेली, छळ विसरला आणि घाम तेवढा मराठीत उरला.

आजच्या इंग्रजीत मात्र 'असिड्युअसली'ची गत चमत्कारिक झाली आहे. वर्तमानपत्र उघडा. अमुक मंत्र्याने तमुक प्रश्नाचं उत्तर 'असिड्युअसली' टाळलं. जवळ बसून राहणं हा ज्याचा जन्मजात अर्थ, तो शब्द आता नेटाने लांब राहण्यासाठी वापरतात!

इथपर्यंत वाचून कोश मिटणार होतो. पण मूळ क्रियापद, ते 'असिदेरे', रोमन लोक रोजच्या बोलण्यात कशासाठी वापरत हे बघावंसं वाटलं. त्याचा एक नेहमीचा उपयोग म्हणजे आजारी माणसाजवळ बसणं. आणि तिथे आम्हाला टॅसिटस भेटला.

टॅसिटसचा सासरा आग्रिकोला हा या आपल्या ब्रिटनचा रोमन सुभेदार होता. चेस्टरला शिशाचा एक पाण्याचा नळ सापडला आहे, इसवी सन ७९ चा, त्यावर त्याचं नाव आहे. स्कॉटलंडपर्यंत फौजा नेणारा हा माणूस ९३ साली ऑगस्टमध्ये वारला. टॅसिटस आणि त्याची बायको तेव्हा परगावी होती, जाऊन चार वर्षं झाली होती. ९८ साली त्याने सासऱ्याचं चरित्र लिहिलं. त्यात लढाया आहेत, राजकारण आहे, आणि अगदी शेवटी तो कळवळून लिहितो की त्याच्या आजारपणात जवळ बसणं आम्हा दोघांच्या नशिबी नव्हतं. दूर राहिल्यामुळे आम्ही त्याला चार वर्षं आधीच गमावलं होतं. 'जवळ बसणं' यासाठी त्याने जो शब्द घातला आहे तो हाच, 'असिदेरे'. दोन-चार ओळींनी पुन्हा तोच, बायको जवळ बसलेली होती म्हणून.

मराठीत याला सरळ शब्द आहे. उशाशी बसणं.

आमचे अण्णा १९९४ च्या मार्चमध्ये मिरजेला गेले. थोरल्या भावाचा फोन आला होता की घाबरायचं कारण नाही, पण जमलं तर येऊन जा. ऑफिसात वर्षअखेरीचे हिशेब चालू होते. ते हातावेगळे करून निघू असं आम्ही ठरवलं आणि दहा दिवसांनंतरचं तिकीट काढलं. नवव्या दिवशी पहाटे पुन्हा फोन वाजला. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दिवसांत वहिनी उशाशी बसून होत्या, मोसंबीचा रस चमच्याने पाजत होत्या. तेराव्यानंतर त्यांनी सांगितलं की अण्णा रोज विचारायचे, लंडनचं विमान मुंबईला किती वाजता उतरतं.

त्या साली साहेबांनी आमच्या फायलीत काय लिहिलं ते आता आठवत नाही. चांगलंच लिहिलं असेल. हिशेब वेळेवर झाले होते.

नातीला एवढं सगळं सांगितलं नाही. लॅटिन सांगितलं, उपनिषद सांगितलं, जॉन्सनचं घर दाखवायचं कबूल केलं. जवळ बसून राहणारा, असा अर्थ सांगितला तेव्हा तिने विचारलं, "कोणाच्या जवळ?" आम्ही म्हटलं, पुस्तकाच्या. तिला ते पटलं की नाही कळलं नाही, पण ती उठून गेली नाही, सोफ्यावर आमच्या शेजारी आपला फोन बघत बसली होती.

पालकांच्या सभेला या खेपेस आम्ही जाणार आहोत. इतिहासाच्या बाईंना विचारायचं आहे, त्या वर्गात आग्रिकोला शिकवतात का.