एसीचा मेकॅनिक शिकलेला हवा. संघटनांची खरी समाजसेवा तीच

वसई : 23 एप्रिल 2021 च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 13 कोरोना रुग्णांचा जीव गेला. आग एसीतून सुरू झाल्याची प्राथमिक माहिती तेव्हा समोर आली होती. नंतर फायर ऑडिटवर खूप बोललं गेलं. पण एसी बसवणारा, दुरुस्त करणारा माणूस नीट शिकलेला आहे का, हा प्रश्न मागेच राहिला.

आता तो प्रश्न आणखी मोठा झालाय, कारण एसीतला गॅस बदलतोय. जुन्या एसीत आर-22 असायचा. तो सहज पेट घेत नाही, पण ओझोनच्या थराला मारक. मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय. नव्या एसीत बहुतेक ठिकाणी आर-32 येतो, काहींत आर-290. आर-290 म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच जातीचा. आर-32 सुद्धा पेटू शकतो, शिवाय त्याचा दाब आर-22 पेक्षा जास्त असतो.

आपल्याकडे काम कसं चालतं? उस्तादाच्या हाताखाली चार सीझन काढले की पोरगा मेकॅनिक. हात बसतो, यात वाद नाही. पण लीक न शोधता नुसता गॅस भरायचा, व्हॅक्युम पंप न लावताच पाइप जोडायचा, वजन न करता अंदाजाने गॅस सोडायचा, या सवयी नव्या गॅसला चालत नाहीत. लीक तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरला तर कॉम्प्रेसरमधल्या तेलामुळे स्फोट होऊ शकतो. हे समजावून सांगायला प्रशिक्षणच लागतं.

केंद्र सरकारने मार्च 2019 मध्ये इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन आणला. त्यात 2022-23 पर्यंत 1 लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. आयटीआयमध्येही दहावीनंतर या कामाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. अडचण त्यांची, जे आधीच कामाला लागलेत. मे महिन्याच्या गर्दीत दुकान बंद करून वर्गात कोण बसणार? एका दिवसाची मजुरी बुडते.

इथेच व्यावसायिक संघटना कामाला येतात. 1981 मध्ये स्थापन झालेली ‘इशरे’ ही एसी-रेफ्रिजरेशन क्षेत्राची देशपातळीवरची संघटना आहे. शहरोशहरी तिच्या शाखा आहेत. अशा संघटनांकडे इंजिनिअर असतात, कंपन्यांची ओळख असते, मशीन असतं. वालीव, गोखिवरेच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या पोरांसाठी पावसाळ्यात, धंदा मंदीत असताना दोन-दोन दिवसांचे वर्ग घेता येतील. तेच वर्ग जव्हार, विक्रमगडच्या पोरांनाही खुले हवेत. नाहीतर शहरात शिकलेला शहरातच राहतो आणि गावाला अर्धवट मेकॅनिक मिळतो.

समाजसेवेचंही तसंच. झाडं लावणं, वह्या वाटणं चांगलंच. पण तंत्रज्ञाची खरी देणगी त्याचा हात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागते. पेंटाव्हॅलेंटसारखी लस गोठली तरी वाया जाते. सरकारी लसफ्रीजसाठी सरकारचे तंत्रज्ञ असतात, त्याला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संमतीने केंद्राची अर्थिंग, सैल वायरिंग, स्टॅबिलायझर, वॉर्डातला एसी उन्हाळ्याआधी तपासून लेखी कळवणं शक्य आहे. सातपाटी, अर्नाळ्याच्या मासळीवाल्यांना, डहाणूच्या चिकू बागायतदारांना शीतपेटीची देखभाल शिकवणंही याच कामात येतं.

अर्थात फुकट शिबिर झालं म्हणून रुग्णालयाची जबाबदारी संपत नाही. देखभालीचा करार, वेळेवर सर्व्हिस आणि त्याची नोंद ही व्यवस्थापनानेच ठेवायची आहे. संघटनेने शिकवावं, तपासावं आणि धोका दिसला तर स्पष्ट सांगावं.

लोकांनीही तीन गोष्टी विचारायला सुरुवात करावी. गॅस कोणता भरतोस? लीक सापडला का? व्हॅक्युम केलास का? दोनशे रुपये वाचवायला स्वस्तातला माणूस बोलावला तर धोका आपल्याच घरात येतो. गिऱ्हाईक विचारू लागलं की मेकॅनिकही शिकायला येईल.