‘सेशन एक्सपायर्ड’: लाडकी बहीण ई-केवायसी करताना वेबसाइट नेमकी कुठे अडते?

स्क्रीनवर गोल चकरी फिरत राहते. ओटीपी येतो, पण तो टाकेपर्यंत ‘सेशन एक्सपायर्ड’ असा मेसेज झळकतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

१८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक केली. मुदत दोन महिन्यांची होती, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. ओटीपीच्या अडचणींची दखल महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनीही जाहीरपणे घेतली. प्रश्न महिन्याच्या १५०० रुपयांचा होता.

साइट स्लो म्हणजे काय स्लो?

एका क्लिकचा प्रवास तीन टप्प्यांचा असतो. आधी मोबाईल नेटवर्क, मग सर्व्हर आणि त्याचा डेटाबेस, आणि शेवटी आधार पडताळणी व एसएमएससारख्या बाहेरच्या सेवा. यातला एक टप्पा जरी रेंगाळला, तरी समोर दिसते ती चकरीच.

म्हणून क्लाउडवरच्या साइटचे इंजिनीअर प्रत्येक रिक्वेस्टला एक क्रमांक देतात आणि कुठल्या टप्प्यावर किती सेकंद गेले याची नोंद ठेवतात. डेटाबेस किंवा ओटीपी सेवाच अडली असेल, तर नुसते सर्व्हर वाढवून काही होत नाही. रांग एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाते, एवढंच.

सरासरी वेळही फसवी असते. ९५ जणांचं काम दोन सेकंदांत झालं आणि पाच जण मिनिटभर ताटकळले, तरी सरासरी पाच सेकंदांच्या आतच राहते. ते पाच जण कोण आहेत, हे पाहणं महत्त्वाचं.

मग सेशन का तुटतं?

वेबसाइटला मागचं क्लिक आपोआप आठवत नाही. म्हणून लॉगिन करताना ती एक टोकन देते आणि त्याला मुदत असते. कोविन पोर्टलवर १५ मिनिटांनी आपोआप लॉगआउट व्हायचं, ते याचमुळे. सुरक्षेसाठी ही मुदत लागतेच.

दुसरं कारण म्हणजे गर्दी. काम अनेक सर्व्हरवर वाटलेलं असतं. सेशनची नोंद एकाच सर्व्हरच्या मेमरीत असेल आणि पुढचं क्लिक दुसऱ्याकडे गेलं, तर तो ओळखच देत नाही. ही नोंद सगळ्या सर्व्हरना दिसेल अशा सामायिक जागी ठेवणं, हा त्यावरचा उपाय.

खांडबाऱ्यात काय होतं?

समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात, खांडबाऱ्याच्या एखाद्या केंद्रावर जवळच्या पाड्यावरची महिला आली. आधी तिच्या आधारचा ओटीपी, मग पती किंवा वडिलांच्या आधारचा दुसरा ओटीपी. या भागातून अनेक जण ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. पती तिकडे असेल, तर ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. त्याला फोन लावायचा, आकडा विचारायचा, तो टाकायचा. तोवर सेशन संपलेलं. तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडं गेलं आणि काम राहिलंच.

इथे चूक ना तिची, ना केंद्रचालकाची. पहिला टप्पा पूर्ण झाला की तो सेव्ह व्हायला हवा आणि दुसरा टप्पा नंतर, वेगळ्या वेळीही करता यायला हवा. मुदत संपण्याआधी ‘वेळ वाढवायची का?’ असं विचारलं, तरी बरंच काम सोपं होतं.

आपण काय करू शकतो?

चकरी फिरत असताना बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. प्रत्येक वेळी नवी रिक्वेस्ट जाते, गर्दी वाढते आणि अनेक ठिकाणी नवा ओटीपी मागितला की जुना बाद होतो. दुसऱ्या व्यक्तीचा ओटीपी लागणार असेल, तर तिला आधीच फोन करून ठेवावा. तक्रार करताना तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट द्यावा. त्यावरून ती नेमकी रिक्वेस्ट शोधता येते.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. त्या आधारवर उभी राहिलेली वेबसाइट चालते की नाही, हे मंत्रालयातल्या वायफायवर ठरत नाही. ते खांडबाऱ्यासारख्या गावातल्या मोबाईलवरच तपासावं लागेल.