पाकशाळा : लिंबू-कोथिंबिरीचा भात

कानडी मुलखांत सणावाराच्या पानांत चित्रान्न हवेंच, आणि बेळगांव-धारवाडकडील मराठी घरांनाहि तें परकें नाहीं. आज द्यावयाचा भात त्याचाच जवळचा आप्त. मात्र यांत हळदीऐवजीं कोथिंबिरीचा रंग आहे, आणि सारी मेख तेथेंच आहे.

दोन वाट्या जुने कोलम तांदूळ धुऊन निथळावे व मोकळा भात करावा. आंबेमोहोर या कामीं नको. त्याचा भात चिकट होतो, शिवाय त्याचा स्वतःचा सुवास लिंबाशीं झगडत राहतो. भात परातींत पसरून कोमट होऊं द्यावा. परात पितळेची असल्यास कल्हई पाहून घ्यावी, नाहींतर आंबटानें भात कळकेल. स्टीलच्या परातीला ही भीति नाहीं.

तीन पळ्या तेलांत मूठभर शेंगदाणे तळून बाजूस काढावे. त्याच तेलांत मोहरी तडतडली कीं उडदाची व हरभऱ्याची डाळ एकेक चमचा टाकून तांबूस करावी. मग हिंग, कढीलिंब व चार हिरव्या मिरच्यांचे तुकडे. ही फोडणी, शेंगदाणे, मीठ व चिमूटभर साखर भातांत हलक्या हातानें मिसळावी.

येथवर कोणाचें चुकत नाहीं. लिंबू मात्र चुलीवरच्या भातांतच पिळण्याची पुष्कळ घरीं रीत आहे. तिनें सुवास वाफेबरोबर निघून जातो आणि नुसता आंबटपणा मागें उरतो. पिळतांना सालहि फार चुरगळूं नये, रस कडवट होतो. कोथिंबिरीचें तर याहून नाजूक. आंबट व उष्णता एकत्र आलीं म्हणजे पानांतील हरितद्रव्य पालटतें व रंग मळकट होतो.

आतां सणाच्या दिवशीं ज्या घरांत दोन-तीन पंगती उठतात तेथें काय घडतें पाहा. पहिल्या पंगतीच्या आधींच सगळा भात एकदम कालविला जातो. पुरुषमंडळी व मुलें हिरवागार भात जेवून तृप्त होतात, आणि जिनें तो रांधला तिच्या पानांत शेवटीं वाळल्या गवताच्या रंगाचा मलूल भात पडतो! याला उपाय मुळींच कष्टाचा नाहीं. फोडणीचा भात झांकून ठेवावा, व प्रत्येक पंगतीपुरता भाग काढून त्यांतच बारीक चिरलेली कोथिंबीर व लिंबाचा रस घालावा. वरील प्रमाणास वाटीभर कोथिंबीर व दोन रसरशीत कागदी लिंबें पुरतात. शेवटच्या पंगतीचें लिंबू मात्र आधींच लपवून ठेवावें. नाहींतर तें कोणाच्या तरी सरबतांत जातें.

काटकसरी गृहिणी रात्रीच्या उरल्या भातावर लिंबू पिळून हाच प्रकार करतात. तो भात रात्रींच लवकर गार करून शीतकपाटांत ठेवलेला असेल तर हरकत नाहीं. उबेंत रात्रभर राहिलेला भात मात्र टाकून द्यावा. त्यांत वाढणारे कांहीं जंतु असें विष सोडतात कीं तें पुन्हां तापविल्यानें जात नाहीं, मग लिंबानें कोठून जाणार?

पानांत याच्या शेजारीं दह्याची कोशिंबीर वाढूं नये, आंबटावर आंबट होतें. तळलेली कुरडई व ओल्या खोबऱ्याची चिमूट पुरे.